फोटोवरून चित्र काढा, पण फोटो कुणाचा तेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाचकांनी काढलेली चित्रं छापता ते पान मी न चुकता बघते, आणि नुसतं चाळत नाही, पेपर डोळ्यांजवळ धरून बघते, कारण मी पण रंगीत पेन्सिलींनी चेहरे काढते आणि दुसऱ्याने गालावरची सावली कशी सोडवलीय हे बघण्यात मला फार रस असतो. मध्ये त्या पानावर हिरव्या डोळ्यांच्या मुलीचं पोर्ट्रेट आलं होतं. डोक्यावरून घेतलेली विटकरी रंगाची फाटकी शाल, मागे हिरवट रंग, आणि सरळ आपल्याकडे बघणारे ते डोळे. काम खूप मेहनतीचं होतं, शालीच्या सुरकुत्या तर सुंदरच जमल्या होत्या. खाली काढणाऱ्याचं नाव होतं, वय होतं, माध्यम रंगीत पेन्सिल असं लिहिलं होतं आणि तिथे संपलं. तो फोटो कुणी काढलाय ते नव्हतं, ती मुलगी कोण तेही नव्हतं. मग जुने अंक काढून बघितले तर जीभ बाहेर काढलेले आइन्स्टाइन, टोपी घातलेला क्रांतिकारक चे गेव्हारा, कपाळाला आठ्या घातलेले चर्चिल, सगळ्यांच्या खाली तसंच. म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, काढणाऱ्यांवर माझा अजिबात राग नाही आणि फोटोवरून चित्र काढणं हे हलकं काम आहे असंही मला म्हणायचं नाहीये. तसं म्हणणाऱ्यांशी तर माझं नेहमी भांडण होतं. "फोटो समोर ठेवून कॉपी केलीय, त्यात काय मोठं" हे वाक्य ज्याने रंगीत पेन्सिलींनी एक नाकसुद्धा पूर्ण केलेलं नाही तोच बोलू शकतो. ऑइलमध्ये किंवा ॲक्रिलिकमध्ये नाही जमलं तर वरून दुसरा रंग चढवता येतो, रंगीत पेन्सिलीत तशी सोय नाही. हा रंग पारदर्शक असतो, खालचा थर वरच्यातून दिसतच राहतो, म्हणून गडद रंगावर पांढरी पेन्सिल कितीही घासली तरी लख्ख पांढरं उमटत नाही, काहीतरी धुरकट राखाडी होतं. म्हणजे बुबुळावरचा तो चमकणारा ठिपका, खालच्या ओठावरची ओल, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड, एवढ्या सगळ्या जागा पहिला रंग लावायच्या आधीच ठरवायच्या, तिथला कागद कोरा सोडायचा आणि शेवटपर्यंत सांभाळायचा. कपाळावर आलेले बारीक पांढरे केस असतील तर बोथट टोकाच्या हत्याराने कागदावर आधी नुसत्या दाबून रेघा मारून ठेवतात, मग वरून रंग फिरवला की पेन्सिल त्या खाचेत उतरत नाही आणि केस पांढरेच्या पांढरे राहतात. हे सगळं पुढचा विचार करून केलेलं असतं, आणि चित्र बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

कागदाचंही तसंच. कागदाला दाणा असतो, म्हणजे बारीक खडबडीतपणा, रंग त्या दाण्यात अडकतो. हलक्या हाताने एकावर एक थर देत जायचं, आणि दाणा एकदा भरला की कागद रंग घ्यायचा बंद होतो, पेन्सिल नुसती वरून घसरते. सुरुवातीलाच जोर लावला तर पुढचे सगळे थर गेलेच म्हणून समजा. मेण जास्त असलेल्या पेन्सिलींचा दाट थर असेल तर काही दिवसांनी त्यावर पांढुरका पडदा येतो, गडद शालीवर तर तो लगेच कळतो, मऊ कापडाने अलगद पुसून वर फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा, मारावा लागतो. रंग मेणाऐवजी तेलाने बांधलेल्या पेन्सिली जरा कडक, त्यांचं टोक टिकतं आणि पापणीचे केस काढायला त्या बऱ्या, पण त्यांची शेवटची घोटाई मेणाच्या पेन्सिलीसारखी गुळगुळीत होत नाही, म्हणून बरेच जण दोन्ही वापरतात. आणि काही गुलाबी, जांभळे रंग उजेडात उडतात, आज गाल सुंदर दिसतो आणि काही वर्षांनी चेहरा पांढराफटक पडतो, त्यामुळे प्रत्येक पेन्सिलीवरची लाइटफास्ट, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो याची, खूण बघून रंग निवडावा लागतो.

त्वचेबद्दल तर मी पानंच्या पानं लिहू शकेन. डब्यात एखाद्या पेन्सिलीवर स्किन कलर असं लिहिलेलं असतं, त्या एका पेन्सिलीने चेहरा काढला की तो प्लास्टिकच्या बाहुलीचा होतो. खऱ्या चेहऱ्यात हनुवटीखालच्या सावलीत हिरवट राखाडी असतं, डोळ्याखाली जांभळट, नाकाच्या शेंड्याशी आणि कानाच्या पाळीशी लालसर, कपाळाच्या कडेला पिवळट, आणि हे सगळं एकमेकांत असं विरघळत जातं की रेघ कुठे संपली ते कळता कामा नये. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो, वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते, कोपऱ्यात गुलाबी असतो, तो पांढरा ठेवला की डोळे बटबटीत दिसतात. काळे केस नुसत्या काळ्या पेन्सिलीने केले तर तिथे भोक पडल्यासारखं वाटतं, गडद निळा, गडद तपकिरी, थोडा जांभळा असे थर देऊन काळ्यापर्यंत यावं लागतं. फोटो समोर आहे म्हणून हे आपोआप हातात येत नाही. रंग फोटोत दिसतो, तो कुठल्या चार पेन्सिलींनी आणि कुठल्या क्रमाने बनवायचा हे फोटो सांगत नाही. तर हे सगळं श्रेय काढणाऱ्याचं, त्यातला कणही मला कमी करायचा नाहीये.

पण पेन्सिल हातात घ्यायच्या आधीच त्या चित्रातलं खूप काही ठरून गेलेलं असतं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

त्या हिरव्या डोळ्यांच्या मुलीचंच घ्या. तो फोटो स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानात पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत काढला, तंबूत भरलेल्या शाळेत, आणि जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या कव्हरवर तो आला. कोडाक्रोम फिल्म, १०५ मिलिमीटरची लेन्स. आता काढणाऱ्याच्या नजरेने बघा यात काय काय आलं. १०५ ची लेन्स म्हणजे जरा लांबून घेतलेला चेहरा, नाक पुढे येत नाही, कान मागे पळत नाहीत, चेहऱ्याची प्रमाणं शांत राहतात. मोबाइलने हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोवरून चित्र काढायला बसा म्हणजे फरक कळेल, नाक मोठं येतं आणि आपल्याला वाटतं आपलंच ड्रॉइंग बिघडलंय. तंबूतला उजेड मऊ, त्यामुळे सावल्यांना धारदार कडा नाहीत, आपण ज्याला सुंदर ब्लेंडिंग म्हणतो ते मुळात त्या उजेडात आहे. डोळे कडक फोकसमध्ये आणि मागचं सगळं विरलेलं, म्हणजे बघणाऱ्याची नजर कुठे थांबणार हे मॅकरींनी ठरवून टाकलंय. आणि रंग! विटकरी शाल, तिच्या भोकांतून डोकावणारा आतल्या कपड्याचा हिरवा, मागचा हिरवट, आणि तोच हिरवा परत डोळ्यांत. लाल आणि हिरवा समोरासमोर ठेवून एकमेकांना पेटवायचे हे चित्रकलेच्या वर्गात आपण शिकतो, इथे ते कुणीतरी व्ह्यूफाइंडरमधून क्षणात ओळखलंय आणि बटण दाबलंय. कोडाक्रोमचे ते खोल लालही त्यातच आले. कोडॅकने ती फिल्म २००९ मध्ये बंद केली तेव्हा शेवटचा तयार झालेला रोल मॅकरींनाच दिला होता, यावरून त्या माणसाचं आणि त्या रंगांचं नातं लक्षात येईल.

चर्चिलच्या चेहऱ्यावरचा तो राग आपण पेन्सिलीने काढतो, एकेक आठी मन लावून काढतो, पण तो राग मुळात फोटोग्राफरने आणलेला आहे. ३० डिसेंबर १९४१ ला ओटावात कॅनडाच्या संसदेत भाषण झाल्यावर युसुफ कार्श यांना अगदी थोडा वेळ मिळाला, चर्चिल सिगार सोडेनात, तेव्हा कार्श पुढे गेले, माफी मागत सरळ तोंडातून सिगार काढून घेतली आणि परत येऊन फोटो घेतला. ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर २०१६ पासून दिसणारा चेहरा तोच. म्हणजे तुमच्या चित्रातल्या भुवया ज्या कोनात आहेत तो कोन कार्शच्या धाडसाचा आहे. आइन्स्टाइनचा जीभ काढलेला फोटो आर्थर सॅस यांनी १४ मार्च १९५१ ला, आइन्स्टाइनच्याच ७२ व्या वाढदिवशी काढला, मुळात ते गाडीत मागच्या सीटवर दोन माणसांच्या मधे बसलेत, आपण काढतो तो कापून घेतलेला चेहरा आहे. चे गेव्हाराचा अल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० ला हवानात काढलेला फोटोही तसाच, एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला झाडाची पानं, ते कापल्यावर तो एकटा आभाळाकडे बघणारा चे उरला. काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं हा चित्र काढण्यातला सगळ्यात अवघड भाग असतो, आणि प्रसिद्ध फोटो समोर घेतला की तो अवघड भाग आपल्याला सोडवलेला मिळतो. मग ज्याने तो सोडवला त्याचं नाव एका ओळीत लिहायला काय हरकत आहे?

आता दुसरं नाव, फोटोतल्या माणसाचं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ती मुलगी कव्हरवर आली, जगभर गेली, भिंतींवर लागली, आणि सतरा वर्षं तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. २००२ मध्ये नॅशनल जिओग्राफिकची टीम मॅकरींबरोबर परत शोधायला गेली तेव्हा ती सापडली, शरबत गुला. तोपर्यंत तिने स्वतः तो फोटो बघितलेलाही नव्हता. तीच ती आहे हे पक्कं करायला बुबुळांवरून ओळख पटवणारे शास्त्रज्ञ जॉन डॉगमन यांनी जुन्या फोटोतल्या बुबुळांवरची नक्षी नव्या फोटोतल्या बुबुळांशी ताडून बघितली आणि ती जुळली. हे वाचल्यापासून मी बुबुळ काढण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आपण बहुतेक जण काय करतो, बाहेर गडद कडा, मधे काळी बाहुली, आणि तिच्याभोवती किरणांसारख्या रेघा, दिसायला छान दिसतं. पण त्या रेघा प्रत्येक माणसाच्या वेगळ्या असतात, अंगठ्याच्या ठशासारख्या, तिच्या रेघांवरून तर तिची ओळख पटली. मग आपल्या मनाने रेघा मारल्या तर डोळे हिरवे होतील, छान होतील, पण ते शरबत गुलाचे नसतील.

आणि चेहऱ्यावरचा भाव. त्या फोटोखाली लोक बरेचदा भेदरलेली, घाबरलेली असं लिहितात. ती सापडल्यावर तिने सांगितलं ते असं की तिला राग आला होता, समोर अनोळखी माणूस होता, त्याआधी तिचा फोटो कधी कुणी काढलेला नव्हता. हे माहीत असणाऱ्याची पेन्सिल भुवईजवळ वेगळी चालते. भीती काढायची असेल तर भुवया आतल्या टोकाला वर जातात, वरची पापणी ताणली जाते, राग असेल तर ओठ मिटलेले आणि नजर स्थिर. फोटोत काय आहे ते जाऊन परत बघा. नाव शोधायला गेलं की असं काहीतरी हाताला लागतं, आणि त्याने चित्रच सुधारतं, म्हणून मी म्हणते की नाव लिहिणं ही काही फक्त शिष्टाचाराची गोष्ट नाही. पुढे २०१६ मध्ये तिला पाकिस्तानात ओळखपत्राच्या प्रकरणात अटक झाली, अफगाणिस्तानात परत पाठवलं गेलं, २०२१ मध्ये ती इटलीला पोचली. ज्या चेहऱ्याचं आपण तासन्‌तास निरीक्षण करतो त्याचं आयुष्य असं पुढे चालू आहे.

दुसरं उदाहरण तर तुम्हा पेपरवाल्यांच्याच कामाचं आहे. फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोला काढलेला एका आईचा फोटो, कपाळावर चिंता, हात गालाशी, दोन पोरं खांद्यांवर तोंड लपवून आणि मांडीत तान्हं बाळ. पेन्सिलीने काढणाऱ्यांचा हा आवडता फोटो आहे आणि का नसेल, हाताची बोटं, सुरकुत्या, फाटके कपडे, शिकायला सगळं आहे त्यात. लँगनी तिचं नाव विचारलंच नव्हतं. ती बत्तीस वर्षांची बाई कोण होती हे जगाला बेचाळीस वर्षांनी कळलं, १९७८ मध्ये, तेव्हा तिचं स्वतःचं पत्र मॉडेस्टो बी नावाच्या पेपरात छापून आलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिची तक्रार साधी होती, माझं नाव विचारलं नाही, फोटोची कॉपी पाठवते म्हणाली ती पाठवली नाही, आणि त्यातून मला एक पैसा मिळाला नाही. एका प्रसिद्ध फोटोतल्या बाईला स्वतःचं नाव सांगायला संपादकांना पत्र लिहावं लागलं, संपादक महोदय, आणि आज पण आपण तिचं चित्र काढतो तेव्हा खाली "आई" किंवा "वेदना" असं काहीतरी लिहून मोकळे होतो.

या फोटोत अजून एक गंमत आहे. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो लँगना खटकत होता म्हणून १९३९ च्या सुमारास निगेटिव्हवर रीटच करून काढून टाकला गेला, पण पूर्ण गेला नाही, अंधुक छाया राहिली. चित्र काढणारे ती छाया कसलीतरी घडी समजून चित्रात घेतात. मूळ फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, चांगल्या मोठ्या साइजमध्ये कुणालाही बघता येतो, तो बघितला की कोपऱ्यात काय आहे ते कळतं. आणि सरकारी कामासाठी काढलेला असल्यामुळे त्यावर कॉपीराइट नाही. हे मुद्दाम सांगितलं कारण मला बरेच जण म्हणतात, अगं कॉपीराइट नसलेला फोटो आहे, मग नाव कशाला. परवानगी आणि नाव या वेगळ्या गोष्टी आहेत ना! परवानगी लागत नसेल तर नका घेऊ, पण लँग आणि थॉम्पसन ही नावं त्यामुळे पुसली जात नाहीत.

ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून रंगीत पेन्सिलीने काढताना तर एक तिसरं नाव पण येऊ शकतं. आजकाल जुन्या फोटोंना कुणीतरी कॉम्प्युटरवर रंग भरलेले असतात आणि तीच आवृत्ती नेटवर जास्त फिरते. त्या आवृत्तीवरून काढलं तर शर्टाचा निळा, केसांचा तपकिरी हे दुसऱ्याच कुणाचे तरी अंदाज आहेत, खरे रंग नव्हेत, तुमचेही नव्हेत. त्यापेक्षा मूळ करडा फोटो समोर ठेवा, उजेड अंधार त्यातून घ्या आणि रंग स्वतः ठरवा, तिथे तुमची सगळी कल्पकता कामाला येईल. माझ्या मते ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून रंगीत चित्र काढणं हे रंगीत फोटोवरून काढण्यापेक्षा कितीतरी जास्त स्वतःचं काम आहे, आणि ते तसं आहे हे वाचकाला कळायला पण खाली लिहिलेलं पाहिजे की मूळ फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता.

लोकांचं अजून एक म्हणणं असतं की नेटवर मिळालेला फोटो, त्यावर नाव नव्हतं. प्रसिद्ध फोटोच्या बाबतीत हे चालणार नाही, मोबाइलवर इमेज सर्च केली की चार-दोन मिनिटांत फोटोग्राफर सापडतो. आणि शोधायलाच पाहिजे, चित्रासाठीच, कारण नेटवर फिरणाऱ्या कॉपीचा भरवसा नसतो. कुणी रंग भडक केलेले असतात, कुणी बाजू कापलेल्या असतात, कुणी फोटो उलटवलेला असतो, डावं उजवीकडे. त्या मुलीची शाल एका ठिकाणी लाल दिसते, दुसऱ्या ठिकाणी तपकिरी. अशा फोटोवरून इतके दिवस घालवून काढायचं म्हणजे पायाच कच्चा.

"सगळ्यांनाच माहीत आहे तो फोटो, वेगळं काय सांगायचं" हे पण ऐकलंय. सगळ्यांना फोटो माहीत असतो, नाव माहीत नसतं. कलाकार शेपर्ड फेअरी यांनी २००८ मध्ये ओबामांचं लाल निळं पोस्टर केलं ते जगभर लागलं, आणि ज्यांच्या फोटोवरून ते केलं होतं त्या फोटोग्राफर मॅनी गार्सियांच्या स्वतःच्या सुद्धा कित्येक महिने लक्षात आलं नव्हतं की हा आपला फोटो आहे. पुढे फेअरींची असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेबरोबर कोर्टकचेरी होऊन २०११ मध्ये तडजोड झाली. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्स यांचा फोटो काढला, १९८४ मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाने त्यावरून चित्रकार अँडी वॉरहॉलकडून चित्र करून घेतलं तेव्हा फोटोग्राफर म्हणून त्यांचं नाव छापलं आणि पैसेही दिले. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर त्याच फोटोवरून वॉरहॉलने केलेलं दुसरं चित्र व्हॅनिटी फेअरच्याच प्रकाशन संस्थेने कव्हरवर छापलं, यावेळी ना नाव ना पैसे, आणि वाद सुरू झाला तो थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जाऊन २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने संपला. यातला कायदा मी सांगत बसत नाही, तो देशागणिक वेगळा असतो, घरी सरावासाठी काढणं वेगळं आणि विकणं किंवा कव्हरवर छापणं वेगळं. मला त्यातली एवढीच गोष्ट घ्यायचीय की १९८४ मध्ये एक ओळ छापता आली होती. वॉरहॉलच्या चित्राला त्या ओळीने कुणी कमी लेखलं नाही.

आणि नवीन मुलामुलींना हीच भीती असते हे मला माहितीय, की फोटोवरून काढलं असं लिहिलं तर लोक म्हणतील याचं स्वतःचं काही नाही. मी त्यांना सांगेन, बिनधास्त लिहा. प्रसिद्ध फोटोवरून काढणं हा शिकायचा उत्तम मार्ग आहे, जुन्या काळापासून शिकणारे चांगल्या चित्रांच्या नकला करूनच शिकलेत. ग्रिड टाका, म्हणजे फोटोवर आणि कागदावर चौकटी आखा, ट्रेस करून बाह्यरेषा घ्या, काही बिघडत नाही, चेहरा जिवंत होतो तो त्यानंतरच्या थरांमध्ये. वर सांगितलं तसं उजेड कुठून आलाय, फोकस कुठे सुटलाय, फोटोग्राफरने काय कापलंय हे प्रश्न विचारत काढा. हे प्रश्न विचारायची सवय लागली की एक दिवस घरातल्याच कुणालातरी खिडकीजवळ बसवून तुम्ही स्वतः फोटो घ्याल, आणि त्या चित्राखाली फोटो आणि चित्र दोन्हीला तुमचंच नाव येईल, मग या चित्राची किंमत तुम्हाला वेगळी कळेल. असं चित्र छापून आलं तर मला केवढा आनंद होईल.

तर संपादक महोदय, तुमच्याकडे मागणं छोटं आहे. चित्रं मागवताना जी सूचना छापता त्यात एक वाक्य वाढवा, की फोटोवरून काढलं असेल तर फोटोग्राफरचं नाव, फोटोचं वर्ष आणि फोटोतल्या व्यक्तीचं नाव कळवावं, आणि फोटो घरातलाच असेल तर तो कुणी काढला ते कळवावं. ज्या चित्राबरोबर ही माहिती आली नसेल त्याच्या पाठवणाऱ्याला एक फोन करा, बहुतेकांना नुसतं सुचलेलं नसतं, विचारलं की ते आनंदाने शोधून देतील. आणि छापताना चित्राखाली असं काहीतरी: शरबत गुला, स्टीव्ह मॅकरी यांच्या १९८४ च्या फोटोवरून, रंगीत पेन्सिल, आणि पुढे काढणाऱ्याचं नाव, ते ठळक टाइपात, कारण पान त्यांचं आहे. जागेची अडचण असते हे मी समजू शकते. तशी वेळ आली तर चित्र थोडं लहान करून छापा, पण ही ओळ कापू नका.

आपली,
एक नियमित वाचक